पायातली चप्पल गळली ते कळलं नाही

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडाच्या काचेवर लावली आणि पेनाचं टोक फोटोतल्या माझ्या पाठीच्या मधोमध टेकवलं.

"हे दोन मणके बघा. बाकीचे कसे चौकोनी आहेत, कडा सरळ. हे दोन एकमेकांत घुसलेत. मधली चकती उरलीच नाही. याला पॉट्स स्पाइन म्हणतात. म्हणजे मणक्याचा टीबी."

माझी बायको सुमन शेजारी उभी होती. माझ्याआधी तीच बोलली. "बाई, पण यांना खोकला नाय. कधीच नव्हता."

"टीबी फक्त छातीचा नसतो. रक्तातून तो कुठेही जाऊन बसतो. हाडात बसला की खोकला येत नाही, हाड झिजत जातं."

मी एवढंच विचारलं, "मला चालता येईल ना?"

"आत्ता इथे कसे आलात?"

"भिंत धरून."

"मग निदान तेवढं तरी वाचवायचंय. घरी जाऊ नका. आजच ॲडमिट व्हा."

बाहेर बाकड्यांवर माणसं दाटीवाटीने बसली होती. सुमनने मला कोपऱ्यात जागा करून दिली आणि ती केसपेपरच्या रांगेत गेली. मी माझ्या हातांकडे बघत बसलो. हात ठणठणीत होते.

मी काशिनाथ. धसईजवळच्या एका लहान गावात आमचं घर. पावसाळ्यात भात आणि वरल्या माळावर थोडी नाचणी, बाकी वर्षभर माझी सुतारकी. आमच्यात पिढीजात सुतार कोणी नाही. मी मुरबाडला एका मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो आणि मग दारं, खिडक्या, वासे, जे मिळेल ते करत राहिलो. हे लिहितोय ते ज्यांची पाठ दुखते आणि जे 'कामाचं दुखणं आहे, जाईल' म्हणून गोळी घेऊन पुन्हा कामाला लागतात त्यांच्यासाठी. मी तेच केलं होतं.

मी ॲडमिट झालो त्याआधीच्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर आम्ही पडलेली घरं बघितली. पंधरा दिवसांनी एका संस्थेची माणसं मुरबाडला आली. त्यांना गवंडी आणि सुतार हवे होते. आमच्या बाजूचे आम्ही सहा जण निघालो. सुमन म्हणाली, "जावा. पण आवणीच्या आत या." मी आवणीला, भाताच्या लावणीला, आलो नाही. थेट दिवाळीच्या तोंडावर आलो.

तिथलं काय सांगू! पहिल्या आठवड्यात आम्हाला काही सुचलंच नाही. रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले. देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे आले होते. ते घेणारं कोणी नव्हतं. वाऱ्याने साड्या काटेरी झुडपांवर जाऊन अडकायच्या. लोकांना अंगावर घालायला होतं. नव्हतं ते दुसरंच काही होतं, आणि ते काय हे विचारायला कोणाला वेळ नव्हता.

आमच्या तंबूशेजारी वालजीभाई म्हणून विणकर होते. साठीच्या आसपासचे. त्यांचा थोरला भाऊ भिंतीखाली गेला होता. दोघं भाऊ एकाच मागावर आलटून पालटून बसायचे. तो मागही ढिगाऱ्यात. वालजीभाई सकाळपासून तंबूच्या दाराशी बसून असायचे. कोणी धान्य दिलं तर घ्यायचे, ब्लँकेट दिलं तर घ्यायचे, बोलायचे नाहीत. त्यांची बायको रतनबेन रोज आम्हाला सांगायची, "खाते नहीं है, भाई."

एकदा मी ढिगाऱ्यातून दाराची चौकट काढत होतो. तिच्यासोबत मागाचा एक लाकडी भाग निघाला. अर्धा मोडलेला. मी तो वालजीभाईंसमोर नेऊन ठेवला आणि विचारलं, "ये फिर से बनेगा?" त्यांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि पहिल्यांदा बोलले. म्हणाले, लाकूड बनेल, पण खड्डा कुठे आहे? त्यांच्याकडचा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पावड्या चालवतो. तंबूत खड्डा कसा करणार?

आम्ही घरं बांधायचं काम दोन दिवस बाजूला ठेवलं. कुडाची एक शेड उभी केली, आत खड्डा खणला, वालजीभाई सांगत गेले तसा मी माग जोडला. ज्या दिवशी त्यांनी त्यात पाय सोडले, त्या दिवशी दुपारी रतनबेन भाकरी घेऊन आली आणि ते जेवले. नंतर त्या गावात संस्थेने आधी माग उभे केले, मग भिंती. पोट चालू झालं की माणूस घराकडे वळून बघतो, हे मी तिथे शिकलो. आपल्या अंगावर येईपर्यंत ते पुरतं कळलं नव्हतं.

पाठ दुखायला लागली ती तिथेच. साधारण पाचव्या महिन्यात. मी जमिनीवर उकिडवा बसून रंधा मारायचो, आपल्याकडचे सगळे सुतार मारतात तसा. उठताना कळ यायची. मेडिकलमधून गोळ्या आणल्या. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, पहाटे बनियन घामाने ओला असायचा. म्हटलं, कच्छचा उन्हाळा आहे. पँटला सुतळी बांधायला लागली. रतनबेन म्हणाली, "काशिनाथभाई, तुम तो सूख गये." मी हसण्यावारी नेलं. जिथे प्लास्टर घातलेल्या पायाने माणसं दगड उचलत होती तिथे माझी पाठ दुखते म्हणून कोणाला सांगू?

ही माझी पहिली चूक. दुसरी घरी आल्यावर केली. गावात एका जाणत्याकडून पाठ दाबून घेतली. दोन दिवस बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी उठवेना. त्या माणसाचा दोष नाही. मीच त्याला म्हटलं होतं, जोर लावून दाब.

मग चपलेचं झालं. धसईच्या बाजाराला मी आणि सुमन चालत निघालो होतो. ती मागे होती. तिने हाक मारली, "आवो, थांबा की. चप्पल कुठं टाकलीत?" मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. मागे दहा-बारा पावलांवर ती रस्त्यात पडली होती आणि मी खडीवरून अनवाणी चालत आलो होतो. तळव्याला रक्त होतं. मला काहीच जाणवलं नव्हतं.

सुमन चप्पल हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. "बाजार ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मुरबाडच्या गाडीत बसा."

मुरबाडला एक्स-रे झाला. तिथल्या डॉक्टरांनी तो बघून कल्याणला पाठवलं, कल्याणहून मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. तिथे एमआरआय, म्हणजे अरुंद बोगद्यात झोपवून चुंबकाने आतले फोटो काढतात ते. तेच फोटो त्या दिवशी काचेवर लावलेले होते. तुमच्या पायाला मुंग्या येत असतील, चालताना जमीन कापसासारखी लागत असेल, चप्पल पायात राहत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, अजून तीन आठवडे गेले असते तर त्यांनाही फार काही करता आलं नसतं.

वॉर्डात पहिले काही दिवस तपासण्यांत गेले. बायोप्सी झाली, म्हणजे सुईने मणक्यातला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. छातीचा फोटो साफ निघाला. गोळ्या सुरू झाल्या. त्यांना तिथे सगळे एकेटी म्हणतात. टीबीविरुद्धची औषधं, चार प्रकारची, एकत्र घ्यायची. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी सिस्टरना ओरडून बोलावलं. त्या म्हणाल्या, "गोळीचा रंग आहे. आधी सांगायला हवं होतं मी." म्हणून मी तुम्हाला आधी सांगतोय.

रोज सकाळी एक शिकाऊ डॉक्टर यायचे. मला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा धरायचे आणि विचारायचे, "वर आहे की खाली?" मी 'वर' म्हणायचो तेव्हा तो खाली असायचा. आठवड्याने दोन्ही पायांचं तसं व्हायला लागलं. एका सकाळी मी पाय उचलायला गेलो, तर गुडघा जागचा हलला नाही.

मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. "ऑपरेशन लागणार. मणक्यात पू आणि हाडाचा चुरा झालाय, तो मज्जारज्जूवर दाबतोय. मज्जारज्जू म्हणजे पायाला निरोप नेणारी दोरी. तो दाब काढायचा आणि तुमच्याच बरगडीचा तुकडा मधे टेकू म्हणून बसवायचा."

"टेकू धरेल?"

"तुम्ही सुतार ना? लाकूड ओलं असताना वजन दिलं तर काय होतं?"

"वाकतं."

"तसंच. तीन महिने वजन द्यायचं नाही. मग धरेल."

त्या गेल्यावर सुमनने माझ्या पायांवर चादर सारखी केली. कितीतरी दिवस तिने तोंडात धरून ठेवलेलं त्या वेळी बाहेर आलं. "लोकांची घरं उभी केलीत आणि आपलं आडवं पाडलंत. कोण लागत होते ते आपले? त्या कच्छातनंच आनलंत हे."

मलाही तसंच वाटत होतं. तंबूत आमच्याबरोबर खोकणारी माणसं होती. त्यांचे चेहरे मी आठवून बघायचो, हा असेल की तो.

दुसऱ्या दिवशी सुमनने डॉक्टरांना सरळच विचारलं. त्या थांबल्या, स्टूल ओढून बसल्या. "हे कोणी सांगू शकत नाही. टीबीचे जंतू तुमच्या मुरबाडलाही आहेत, मुंबईतही आहेत. कितीतरी लोकांच्या अंगात ते वर्षानुवर्षं झोपलेले असतात. शरीर थकलं, खाणं कमी पडलं, की उठतात. यांच्या अंगात ते लहानपणापासून असतील. दोष कोणाला देणार तुम्ही?" मग म्हणाल्या, "दोष शोधण्यापेक्षा मुलीला तपासून घ्या." आमची रेखा तेव्हा नववीत होती. तिला तपासलं. ती ठीक होती. सुमन ते ऐकून वॉर्डाच्या पायरीवर जाऊन रडली. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी रडली नव्हती.

ऑपरेशन पाच-सहा तास चाललं. मला आठवते ती त्यानंतरची अकरावी सकाळ. शिकाऊ डॉक्टरांनी अंगठा धरला. "वर की खाली?"

"खाली. आणि तुमचा हात गार आहे."

ते पोरगेलेसे डॉक्टर तसेच अंगठा धरून उभे राहिले. मग धावत बाईंना बोलवायला गेले.

शिमग्याच्या सुमारास मला घरी आणलं. छातीपासून कमरेपर्यंत पट्ट्यांचा आणि लोखंडी सळ्यांचा सांगाडा. त्याला टेलर ब्रेस म्हणतात. पाठ वाकू देत नाही. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. जमिनीवर बसून रंधा मारणाऱ्या माणसाला हे तीन नकार म्हणजे काय ते कळेल. मी ओटीवर खाटेवर पडून राहिलो.

गावातली माणसं यायची. बिस्किटांचे पुडे आणायची. आमच्या फडताळात पुडे मावेनात. काही जण दारातूनच बोलून जायचे. एका घरी सुमनला वेगळ्या पेल्यात पाणी दिलं. हाडाचा टीबी शिंकण्या-खोकण्यातून पसरत नाही, छाती साफ आहे, हे ती प्रत्येकाला सांगायची. काहींना पटायचं, काहींना नाही. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "आता आराम करा. आता काय करायचं नाय तुमी." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलो. रेखा जेवायला बोलवायची आणि मी तिच्यावर ओरडायचो. असा मी नव्हतो.

चैत्रात एक दिवस दुपारी दारात वालजीभाई उभे राहिले.

आमच्यातला एक जण अजून कच्छमध्येच होता. त्याच्याकडून त्यांना कळलं होतं. गाडीने कल्याणला, तिथून एसटीने मुरबाड, मग धसई, विचारत विचारत ते आले होते. मी त्यांना बघून लाजलो. सुमन माजघराच्या दारात थबकली. हाच तो कच्छ, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. पण म्हाताऱ्या माणसाच्या पायावर प्रवासाची धूळ बघून तिने तांब्या पुढे केला.

त्यांनी माझी पाठ बघितली नाही. कसं वाटतंय हेही विचारलं नाही. माझ्या खाटेशेजारी बसले आणि म्हणाले, "हाथ तो चलते है ना?"

"चलते है."

"औजार कहाँ है?"

रेखाने माळ्यावरून पेटी काढली. रंध्याच्या पात्याला गंज चढला होता. वालजीभाईंनी दगड मागून घेतला आणि अंगणात बसून ते पातं घासायला लागले. घासता घासता सुमनला हिंदीतून विचारत होते, डॉक्टरने काय काय मना केलं? तिला हिंदी येत नव्हती, पण ती हातवारे करून सांगायला लागली. वाकायचं नाय. उकिडवं बसायचं नाय. उचलायचं नाय.

"खडा रहना?" त्यांनी विचारलं.

सुमनने माझ्याकडे बघितलं. "उभं ऱ्हायाला 'नाय' नाय म्हटलं," ती हळू म्हणाली. "बाई म्हनाल्या, तीन महिने झाले की पट्टा लावून थोडं थोडं उभं ऱ्हावा."

वालजीभाई उठले, आमच्या गोठ्याच्या बाजूला पडलेले साग आणि ऐनाचे वासे बघून आले. माझ्या कमरेजवळ हात धरून उंची मोजली. दोन दिवस ते आणि सुमन मिळून काम करत होते. मी खाटेवरून सांगायचो, इथे खाच मारा, इथे पाचर ठोका. सुमनने आयुष्यात करवत धरली नव्हती. फळी माझ्यापेक्षा सरळ कापली तिने. तिसऱ्या दिवशी ओटीवर माझ्या कमरेइतकं उंच, जाड फळीचं टेबल उभं होतं. आमच्या भागात तेव्हा कोणी सुतार उभ्याने काम करत नसे.

तीन महिने नुकतेच भरले होते. मी ब्रेस आवळला, टेबल धरून उभा राहिलो आणि एका फळीवर रंधा चालवला. चार-पाच हात मारले असतील. पाय थरथरायला लागले, रेखाने खुर्ची दिली. टेबलावर सागाची सालपटं पडली होती. त्या दिवशी मी दोन वेळा भात मागून घेतला.

वालजीभाई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेले. सुमनने त्यांच्याबरोबर भाकरी आणि सुकटीची चटणी बांधायला घेतली आणि मग ते मांस-मच्छी खात नाहीत म्हटल्यावर सगळं सोडून लसणीची चटणी वाटायला बसली. गाडी चुकता चुकता राहिली.

रोज पाच मिनिटं, मग दहा, मग अर्धा तास. त्या वर्षी गणपतीसाठी मी पाट केले. हलकी वस्तू, उभ्याने होणारी. पुढच्या महिन्यात लोक देव्हारे सांगायला लागले. बिस्किटांचे पुडे आणणारी माणसं आता मोडकी खुर्ची घेऊन यायला लागली, आणि मला त्यांच्याशी बोलावंसं वाटायला लागलं.

एक गोष्ट लपवत नाही. औषधाच्या आठव्या महिन्यात मी गोळ्या बंद केल्या होत्या. बरं वाटत होतं, गोळीने मळमळायचं, जेवण जायचं नाही. चार दिवस मी गोळ्या उशीखाली ठेवल्या. सुमनला सापडल्या. तिने आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "तिथं कुनाचं घर अर्धं बांधून आलंत काय कधी?" आणि पाण्याचा पेला पुढे केला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, टीबीची औषधं अर्ध्यात सोडली तर जंतू मरत नाहीत, शिकतात. मग तीच औषधं त्यांना लागू पडत नाहीत. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते वेळ बदलून देतात, रक्त तपासतात. आपल्या मनाने सोडू नका.

औषधाला पंधरा महिने झाल्यावर शेवटच्या तपासणीला गेलो. तीच काच, तोच उजेड. ते दोन मणके आणि बरगडीचा तुकडा आता एकच हाड झाले होते. पाठीला थोडं पोक राहिलं आहे, ते राहणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध बंद. काही विचारायचंय?"

मी त्यांचे आभार मानायला लागलो. त्या वॉर्डातल्या सिस्टर, अंगठा धरणारा तो शिकाऊ पोरगा, केसपेपर काढून देणारे, कोणाकोणाचे आभार मानणार?

सुमनने पिशवीतून एक पत्र काढलं. आठवड्यापूर्वी आलं होतं. कच्छमधल्या संस्थेचं. तिथल्या पोरांना दारं-खिडक्यांचं काम शिकवायला माणूस हवा होता, दोन महिन्यांसाठी. मी ते वाचून फळीवर ठेवून दिलं होतं. तिच्यासमोर विषय काढायची माझी छाती नव्हती.

तिने पत्र डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "बाई, यांना परत जाता येईल काय तिकडं?"

डॉक्टरांनी पत्र वाचलं. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "शिकवायला जायला हरकत नाही. पण ओझं उचलायचं नाही. लाकडं उचलणार कोण?"

"मी उचलीन की," सुमन म्हणाली. "मीबी जानार हाय."